सारवल्या खळ्यावरची चाकोरी

धान कापणीला आलं की आधी माझ्या नाकाला कळतं. बांधीतलं, म्हणजे धानाच्या खाचरातलं, पाणी आटून चिखलाला भेगा पडू लागल्या की त्याला एक कोमट वास येतो आणि त्यात पिकल्या लोंब्यांचा गोडसर वास मिसळतो. हल्ली यंत्र येतं, घरघर करत उभं पीक गिळतं आणि दुपारच्या जेवणाआधी पोती भरून मोकळं होतं. खळं कोणी करत नाही. मी मात्र दरवर्षी अंगणाचा एक कोपरा शेणानं सारवून घेते. माझी सून म्हणते, "आई, यावर काही मळायचं नाही, दळायचं नाही, कायले कंबर मोडून राहिल्या?" मी म्हणते, माझी कंबर आहे, मी मोडीन. तिला हसू येतं आणि बादलीभर पाणी मात्र तीच आणून देते.

या वर्षी मुलगा वरठीहून आला तो तोंड पाडूनच. तो तिथं कारखान्यात आहे, रोज मोटरसायकलनं कामावर जातो. म्हणाला, "आई, गाडी एका बाजूले ओढून राहिली. हात भरून येतात. विकूनच टाकतो."

"पडली होती का रे?"

"पडली होती मांगं, पुलाजवळ. पन काही झालं नाही तिले."

मी शेणाचे हात तसेच ठेवून हसत सुटले. काही झालं नाही तिले! हेच शब्द, याच घरात, याच दिवसांत मी नवी नवरी असताना ऐकले होते, आणि त्या शब्दांपायी आमचा भुऱ्या जवळजवळ विकला गेला होता.

मी मूळची कोंढ्याची. आसगावला सून होऊन आले तेव्हा सत्तरचं दशक संपत आलं होतं. दोन गावांतलं अंतर ते केवढं, तरी रडायची रीत असते म्हणून मी रडले, आणि रडता रडता खरंच रडू आलं. माझ्यासोबत बाबांनी एक बैल धाडला होता. राखाडी पांढरा, एका डोळ्याखाली काळा ठिपका, तळहातावर मीठ धरलं की खरखरीत जिभेनं हात सोलून काढणारा. तोच भुऱ्या. आंदण म्हणून भांडी येतात, पलंग येतो; माझ्या मागून भुऱ्या आला. त्याला कारण होतं. लग्नाच्या आधीच्या हिवाळ्यात शंकरपटात आमच्या ह्यांची गाडी बांधावर आदळून उलटली होती आणि जोडीतला डावा बैल पायानं गेला. उजवा सोन्या एकटा पडला. माझे बाबाही पटाचे वेडे. "जावयाची जोडी मोडली, तं पोरीसंग बैल बी गेला पाह्यजे," म्हणाले आणि आपल्या गोठ्यातला सगळ्यात चांगला बैल देऊन बसले. आई त्यावर पंधरवडाभर त्यांच्याशी नीट बोलली नाही.

पट म्हणजे आमच्या भागातला सण, पंचांगात नसलेला. धान घरात आलं, पौष-माघाची थंडी पडली की गावोगाव बैलांच्या शर्यती लागतात. हलका छकडा, पुढं दोन बैल, वर एकच माणूस, तो धुरकरी. शेजारी-शेजारी दोन वाटा आखलेल्या, दोन जोड्या सुटतात आणि श्वास घ्यायला सवड मिळत नाही तोवर सगळं संपलेलं असतं. उरतो तो धुरळा, आरडाओरडा आणि घरात आलेले पाहुणे. पटाच्या दिवशी आसगावात एकही चूल थंड नसायची. बायका तळणात गुंतलेल्या, पण कान सगळे मैदानाकडे. आमचे हे धुरकरी होते. अंगानं सडपातळ, बोलायला लाजाळू, आणि छकड्यावर चढले की वेगळेच कोणी. मी त्यांच्या प्रेमात पडले ती छकड्यावर बघूनच. घरात बघून पडायला बराच वेळ लागला असता.

त्या वर्षी कापणी सुरू असतानाच सकाळचा सराव सुरू झाला, आणि सुरुवातीपासूनच विघ्न. छकडा उजवीकडे जाई. सुटताना सरळ, आणि थोडं पुढं गेला की हळूहळू उजवीकडे सरकत वाटेबाहेर. हे डावा कासरा ताणून ताणून दमत. लोक पारावरून बघायचे आणि निदान करायचे. बसल्या जागी निदान करायला आमच्या गावात कोणाला कधी वैद्य लागला नाही. ठरलं ते असं, की सोन्या जुना, जाणता, घरचा; भुऱ्या नवा. भुऱ्या डावीकडून रेटतो. सोन्याला ढकलतो. कोंढ्याचा बैल, त्याला आसगावची वाट काय माहीत.

बैलावर थांबतं तर गोष्ट वेगळी. विहिरीवर बोलणं सुरू झालं. मागच्या वर्षीपर्यंत ह्या घरची गाडी गावात पहिली यायची, आणि आता बघा. नव्या सुनेचा पायगुण. सासूबाई वाईट नव्हत्या. पण त्यांनीही एकदा भाकरी थापता थापता, माझ्याकडे न बघता म्हटलं, "काय बाप्पा, यंदा घराले काय लागलं कोनाले मालूम." मला ते भाकरीच्या चटक्यापेक्षा जास्त लागलं. मी गोठ्यात जाऊन भुऱ्याच्या मानेवर डोकं ठेवलं आणि त्याला दटावलं, "सरळ धाव रे बाबा. तुझ्यामुळं मला बोलणी खावी लागतात." तो मिठासाठी माझा हात हुंगत राहिला.

माझे सासरे, त्यांना आम्ही मामाजी म्हणत असू, फार कमी बोलायचे. त्यांनी एक दिवस ओसरीवर बसून सांगून टाकलं. नदीपलीकडचा एक ओळखीचा शेतकरी भुऱ्यासाठी विचारत होता. त्याला त्यांनी शब्द दिला होता. "आपल्या गावच्या पटात नीट धावला तं बैल राहीन. नाही धावला तं त्याच दिवशी तुमी घेऊन जा." आमच्याकडे बैल विकला तरी त्याचं दावं विकत नाहीत, ते घरच्या खुंट्यालाच राहतं. घेणारा आपला दोर घेऊन येतो. म्हणजे पटाच्या दिवशी तो माणूस खांद्यावर नवा दोर टाकून येणार, हे नक्की झालं. मला रात्रंदिवस तो दोर दिसायला लागला. भुऱ्या विकला गेला असता तर या घरातलं माझं कोंढ्याकडचं एकुलतं माणूस गेलं असतं. माणूसच म्हणते मी त्याला.

मग खळ्याचा दिवस आला. धानाच्या भाऱ्यांची उंच पुंजणी रचून झाली होती, मळणी तोंडावर होती आणि खळं सारवायचं काम माझ्याकडे होतं. नव्या सुनेची परीक्षा अशीच घेतात. मी पहाटेपासून वाकून, दाट शेणकाला करून, हाताच्या अर्धगोल फटकाऱ्यांनी अख्खं खळं सारवलं. ओलं, हिरवट, गुळगुळीत, नुसतं बघत राहावं असं. शेवटचा फटकारा मारून उभी राहते तोच मागून घुंगरांचा आवाज. आमचे हे सरावावरून परतत होते, आणि छकडा नेहमीप्रमाणे उजवीकडे सरकत, गाडवाट सोडून, थेट माझ्या खळ्यावर! ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत.

सासरच्या माणसांसमोर माझा आवाज तोवर कोणी ऐकला नव्हता. त्या दिवशी सगळ्यांनी ऐकला. "डोळे हायेत का फुटले? सकाळपासून मी का आरती करून राहिली इथं?" मामाजी पुंजण्याच्या सावलीत बसले होते, ह्याचंही भान राहिलं नाही. हे छकड्यावरून खाली उतरले. बैल फुरफुरत होते. मी रागानं ते विद्रूप झालेलं सारवण बघत होते, कुठून दुरुस्तीला हात घालावा म्हणून, आणि बघता बघता माझा राग ओसरायला लागला. काहीतरी चुकीचं दिसत होतं.

कोंढ्यात बाबांच्या गाडीच्या मागं मी लहानपणभर चाललेली. ओल्या वाटेवर चाकांच्या दोन चाकोऱ्या उमटतात आणि त्यांच्या आत, दोन्हीकडे सारखं अंतर ठेवून, बैलांची पावलं. डाव्या बैलाची डाव्या चाकोरीला लागून, उजव्याची उजवीला लागून. माझ्या खळ्यावर तसं नव्हतं. भुऱ्याची पावलं दोन्ही चाकोऱ्यांच्या मधोमध होती. सोन्याची पावलं दिसतच नव्हती, कारण मागून येणारं उजवं चाक त्यांच्यावरून जाऊन ती पुसून टाकत होतं. डाव्या चाकोरीशेजारी तर सगळं सारवण कोरं.

"बैल नाही रेटत," मी म्हटलं. कोणाला उद्देशून ते मलाच माहीत नाही. "बैल सरळच चालून राहिले. गाडी तिरपी हाय."

हे म्हणाले, "गाडीले काय झालं? मांगं उलटली होती, पन काही झालं नाही तिले."

त्यावर मामाजी उठले. खळ्याच्या कडेला येऊन उकिडवे बसले आणि बोटानं एकेक पाऊल मोजायला लागले. मला वाटलं, आता माझी काही धडगत नाही. ते म्हणाले, "सुतळी आन."

बैल सोडले, छकडा खळ्याच्या मध्ये उभा केला. तेवढी सपाट जागा गावात दुसरी नव्हतीच. मामाजींनी सुतळीचं एक टोक दांडीच्या पुढच्या शेंड्याला, जिथं जू बांधतात तिथं, मला धरायला लावलं. दुसरं टोक त्यांनी डाव्या चाकाच्या आसापर्यंत ताणलं, गाठ मारली. मग तीच सुतळी उजव्या चाकाकडं नेली. गाठ बरोबर तिथल्या आसावर यायला हवी होती. ती आसापलीकडे चार बोटं लोंबत राहिली. दांडी मधोमध दिसत होती, पण शेंडा उजवीकडे कललेला, आणि खालची एक आडवी फळी डोळा बारीक करून बघितली तर चांगलीच वाकलेली. वर्षभर सगळे तिच्यावर हात ठेवून उभे राहिले होते. आदळल्यानंतर ह्यांची हाडं चाचपली, सोन्याचे पाय चोळले, मोडलेलं चाक नवं घातलं. सांगाडा तेवढा कोणी मोजला नाही, कारण तो उभा होता.

मामाजींनी ती गाठ बोटांत धरून ठेवली होती. "म्हनजे हे वाकलं त्याच्या नंतर ही पोरगी आली," ते हळूच म्हणाले, "आन् बैल बी." एवढंच. पण सासूबाई दारात उभ्या होत्या, आणि त्यांनी पदराचं टोक तोंडाशी धरलं.

वाकलेलं लाकूड सरळ करायचं म्हणजे नवं करण्यापेक्षा अवघड. लखमाजी वाढई आले, त्यांनीच तो छकडा मुळात घडवला होता. त्यांनी पाचरी ठोकून काढल्या, सांगाडा मोकळा केला आणि वाकलेली फळी नि दांडी आमच्या दोन मोहांच्या झाडांमध्ये दोरानं बांधली. त्यावर गरम पाण्यात भिजवलेली पोती गुंडाळली. खाली तणसाचा, धानाच्या पेंढ्याचा, निखारा, धगीपुरता. दुहेरी दोरात काठी घालून पीळ द्यायचा, सकाळी थोडा, संध्याकाळी थोडा. ह्यांना घाई. पट जवळ आलेला. पहिल्याच संध्याकाळी ह्यांनी दोन पीळ जास्त दिले तर लाकूड असं करकरलं की माझ्या दातांत कळ गेली.

लखमाजी काठी हिसकावत म्हणाले, "मोडाची हाय का सरळ कराची हाय? अबे, वर्षभर वाकून राहिलं थे. एका दिवसात काहून सरळ होईन?"

पोती ओली ठेवायचं काम मी मागून घेतलं. मळणी चालू होती, बैल खळ्यावर गोल गोल फिरत होते, त्यांत भुऱ्याही. भुसाचा बारीक धूर उन्हात तरंगायचा आणि मी हंड्यातलं कोमट पाणी पोत्यांवर शिंपडत बसायची. ओल्या लाकडाला, तागाला आणि मोहाच्या सालीला मिळून एक वास येत होता. तो पुन्हा कुठं आला नाही. मामाजी येऊन शेजारी बसत. आठवड्यात चार शब्द बोलणारा माणूस, पण त्या झाडांखाली बोलायला लागला. गेलेल्या बैलाबद्दल बोलले. आदळल्याचा आवाज अजून कानात आहे म्हणाले. पोराला काही झालं असतं तर, म्हणाले. तेव्हा मला उमगलं की गाडी कोणी मोजली नाही यात नुसता आळस नव्हता. त्या दिवसाकडं परत वळून बघायचं कोणाला नव्हतं. माझा विहिरीवरच्या बायकांवरचा राग तिथं बसल्या बसल्या बराच कमी झाला. सगळा नाही.

लाकूड सुतात आलं तरी लखमाजींनी दोर सोडला नाही. उलट आणखी जरासा पीळ दिला. मी विचारलं तर म्हणाले, "थोडं पलीकडे न्या लागते बाई. सोडलं का थे आपलं आपनच मांगं येते."

आणि तसंच झालं. दोर सोडला, दांडी जराशी मागं आली आणि मधोमध थांबली. सांगाडा बांधला, पाचरी बसल्या, मामाजींनी पुन्हा मला शेंड्याला सुतळी धरायला लावली. गाठ डावीकडं जिथं, उजवीकडं तिथंच. मला नाचावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सरावाला छकडा सुटला आणि डावीकडे गेला.

पारावर जो हशा पिकला तो मी घरातून ऐकला. हे परत आले ते जू खाली टाकूनच. "भुऱ्याच खराब हाय. जाऊ दे त्याले." मी गोठ्यात गेले. भुऱ्या मान डावीकडे झुकवून उभा होता. सोन्याही. आणि दारात उभे असलेले आमचे हे? त्यांचाही डावा खांदा खाली, डावी मूठ आवळलेली, कासरा हातात नसताना. मला हसावं की रडावं कळेना.

"तुमी तिघंही अजून जुनीच गाडी हाकून राहिले," मी म्हटलं. "तिरप्या गाडीवर सरळ राहाले शिकले. आता गाडी सरळ झाली, तं तिघंही वाकडे."

मामाजी ओसरीवरून ऐकत होते. त्यांनी ह्यांना जोरात पळवायला बंदीच केली. पटाला थोडेच दिवस उरलेले, आणि आमची जोडी धान निघालेल्या बांधीतून नुसती चालत होती. सावकाश, आणि दोन्ही कासरे एकाच हातात, ढिले. हे चरफडत. मी बांधावरून मागं मागं चालायची आणि पावलं बघायची. पहिल्या दिवशी पावलं डावीकडे. मग थोडी कमी. मग एक सकाळ अशी आली की दव पडलेल्या मातीवर चारी रेघा, दोन चाकांच्या नि दोन पावलांच्या, नीट होत्या, आणि हे मला विसरून बैलांशी काहीतरी गुणगुणत चालले होते, दोन्ही खांदे सारखे.

मला त्या दिवसांत माझंही थोडं कळलं. नव्या घरात आल्यापासून मीही कुठंतरी अंग चोरून, कललेली चालत होते. ज्या घरात आपण जातो त्याला आधीचाच एखादा बाक असतो. घरच्यांना तो दिसत नाही, त्यांना तोच सरळ वाटतो. आणि आपण नवे, म्हणून बाक आपला ठरतो. पण तो निघू शकतो, ओलावा आणि सबुरी असेल तर. हे मला मोहाखाली बसून पटलं, आणि मी ते अजून मानते.

पटाच्या दिवशी पाहुण्यांच्या बैलगाड्यांवर आम्ही बायका डोक्यावरून पदर घेऊन बसलो होतो. मी गर्दीत एकच माणूस शोधत होते आणि तो दिसलाच, मामाजींच्या शेजारी. खांद्यावर नवा, पिवळाधमक दोर. झेंडी पडली. दोन जोड्या सुटल्या. धुरळ्यातून मला फक्त ह्यांचे दोन खांदे दिसले, आणि ते सारखे होते. मग सगळं संपलं. ओरडा झाला तो दुसऱ्या जोडीच्या नावानं. आम्ही हरलो होतो, अगदी थोडक्यात.

दोरवाला माणूस उठला. पण मामाजी घड्याळवाल्यांकडं गेलेच नाहीत. ते धोतर सावरत धावेच्या वाटेवर उतरले, वाकून जमीन बघत थोडं चालले आणि मग वळून आम्हा बायकांच्या गाडीकडं बघून त्यांनी हाक मारली. आयुष्यात इतक्या मोठ्यानं ते कधी बोलले नसतील.

"सूनबाई! खाली ये वो. पावलं पाहाले ये."

अख्खा गाव बघत होता. मी उतरले. मऊ मातीत चाकोऱ्या ताज्या होत्या. डावीला लागून भुऱ्या, उजवीला लागून सोन्या, सुरुवातीपासून पार शेवटच्या झेंडीपर्यंत, कुठंही एक पाऊल मध्ये नाही की बाहेर नाही.

"दोघंही आपापल्या जागी हायेत, मामाजी."

दोरवाला म्हणाला, "पन हरला नं बैल."

"नीट धावला तं राहीन म्हटलं होतं मी," मामाजी म्हणाले. "जिकला तं नाही."

"आन् नीट धावला म्हनून कोन सांगते?"

"माई सून सांगते."

तो माणूस हसला, चांगला होता बिचारा, आणि त्यानं दोर खांद्यावरून काढून कमरेला गुंडाळला. मामाजींनी भुऱ्याचा कासरा माझ्या हातात दिला आणि घरी न्यायला सांगितलं. मी सगळ्या गर्दीतून, विहिरीवरच्या साऱ्याजणींसमोरून, त्याला घेऊन गेले. मध्येच पदर डोक्यावरून घसरला. सासूबाई पुढं आल्या, आणि मला वाटलं आता बोलतील. त्यांनी तो नुसता सावरून दिला आणि भुऱ्याच्या तोंडासमोर मिठाची मूठ धरली.

भुऱ्या म्हातारा होऊन आमच्याच गोठ्यात गेला. त्याचं दावं अजून खुंटीवर आहे.

मुलगा आत झोपलाय. उद्या सकाळी अंगण सारवून झालं की त्याला सांगणार आहे, विकायच्या आधी एकदा तुझी ती गाडी माझ्या सारवणावरून चालव, दोन्ही चाकं एका रेघेत येतात का बघू. सारवण खराब झालं तर रागावणार नाही, असं मात्र मी कबूल केलेलं नाही.